शब्दाला तुरुंग, हाताला मोकळीक

“तलाक थोडीच दिए आपा, मारतेच हैं ना खाली.”

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून मला हे सांगत होती. डावा हात प्लास्टरमध्ये, ओढणी डोळ्याखालच्या काळ्यानिळ्या डागापर्यंत ओढलेली. मुलगी तेव्हा सहावीत होती, अभ्यासात बरी, पण दर शनिवारी गैरहजर. आमचे गाव यंत्रमागांचे. कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी, आणि आठवड्याचा पगार गुरुवारी रात्री हातात पडतो. शनिवारच्या गैरहजेरीचे कारण शोधायला बी.एड.चे बालमानसशास्त्र लागत नाही, गावात राहिलेले पुरते. मी आईला बोलावले होते हजेरीबद्दल. ती आली आणि नवऱ्याची बाजू मांडू लागली. मारतो, पण तलाक दिलेला नाही. म्हणजे अजून काही बिघडलेले नाही.

ते वाक्य माझा पिच्छा सोडत नाही, कारण ते त्या बाईचे एकटीचे नाही. आपल्या सरकारचे धोरण तेच आहे आणि आपल्या बिरादरीचे धोरणही तेच आहे. एरवी या दोघांचे कशावरच एकमत होत नाही, इथे मात्र झाले आहे. मुसलमान बाईच्या बाबतीत दोघांनाही एकच शब्द ऐकू येतो, तलाक. तो उच्चारला गेला की दोघेही धावत येतात, एक तुरुंग घेऊन आणि दुसरा शरीयत घेऊन. तो उच्चारला गेला नाही तर तिचा हात मोडो की डोळा फुटो, ते तिचे नशीब.

माझ्याकडे येण्याआधी ती दोन ठिकाणी जाऊन आली होती. पहिले ठिकाण पोलीस चौकी. तिथे तिला पहिला प्रश्न विचारला गेला, “तीन तलाक दिला का?” ती म्हणाली, नाही. विचारणाऱ्याने हातातले पेन खाली ठेवले. मग अर्धा तास तिची समजूत काढण्यात आली आणि शेवटी अदखलपात्र नोंद करून एक कागद हातात दिला. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे, मग तिची नोंद अदखलपात्र कशी होते, हा प्रश्न मला फार उशिरा सुचला. दुसरे ठिकाण मोहल्ल्यातल्या चार बुजुर्गांची बैठक. तिथेही पहिला प्रश्न तोच. “तलाक तो नहीं बोला ना?” नाही म्हटल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. निभावून घे, लेकरांकडे बघ, पोलिसांत जाऊन आपल्या घराची किल्ली परक्याच्या हाती देऊ नकोस. नवऱ्याला बोलावून दम दिला, हे मान्य केले पाहिजे. त्याचा असर तीन गुरुवार टिकला.

आधी सरकारकडे पाहू. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शायरा बानो प्रकरणात एका दमातला तीन तलाक ३ विरुद्ध २ मतांनी रद्दबातल ठरवला. माझ्यासारख्या असंख्य स्त्रियांना त्या दिवशी बरे वाटले, आणि ते बरे वाटणे मी आजही मागे घेणार नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधानसभेवर मोर्चा घेऊन गेल्या होत्या. अर्ध्या शतकानंतर त्यांच्या मागणीचा एक हिस्सा पदरात पडला. पण त्या निकालाचा अर्थ काय होता? हे शब्द तिनदा उच्चारल्याने काहीही घडत नाही, हा. निकाह शाबूत राहतो, बाई बायकोच राहते. मग सरकारने कायदा आणला. ३१ जुलै २०१९ रोजी त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. त्याचे तिसरे कलम सांगते की असा तलाक निरर्थक आहे, आणि चौथे कलम सांगते की तो उच्चारणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होईल. ज्या शब्दाने काही होत नाही, त्या शब्दाला तीन वर्षे! बाईला आणि मुलांना निर्वाहभत्ता मिळेल असेही त्यात लिहिले आहे. तुरुंगात बसलेला मजूर तो भत्ता कोणत्या मागावर काम करून देणार, हे लिहिलेले नाही.

नवरे तर केव्हाच शहाणे झाले. आता ते शब्द उच्चारतच नाहीत. बाईला ईदच्या निमित्ताने माहेरी पोचवायचे आणि नंतर फोन घ्यायचा नाही. मराठीत अशा बाईला ‘टाकलेली’ म्हणतात. हा शब्द काही मुसलमानांनी मराठीत आणलेला नाही, तो प्रत्येक जातीच्या वस्तीत राहतो. हिंदू नवऱ्याने बायको टाकली तर तो पोटगीचा मामला, मुसलमानाने शब्द उच्चारून टाकली तर गुन्हा, आणि न उच्चारता टाकली तर पुन्हा पोटगीचाच मामला. मग या कायद्याने नेमके कोणाचे रक्षण केले? टाकल्या जाणाऱ्या बाईचे तर नाही.

सरकारचे मन किती कोमल आहे हे पाहायचे असेल तर ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात दिलेले प्रतिज्ञापत्र पाहावे. नवऱ्याने बायकोवर केलेल्या बळजबरीला बलात्कार म्हणायचे की नाही, असा प्रश्न होता. न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ सालीच, म्हणावे, असे सांगून ठेवले आहे. सरकारचे म्हणणे पडले की तसे करणे फारच कठोर होईल आणि विवाहसंस्थेवर त्याचा परिणाम होईल. १ जुलै २०२४ पासून जी नवी न्याय संहिता आली तिच्यातही नवऱ्यासाठी हा अपवाद कायम आहे. म्हणजे निरर्थक ठरलेला शब्द तोंडातून निघाला तर तीन वर्षे कठोर नाहीत, आणि बायकोच्या देहावर जबरदस्ती केली तर तिला तिचे खरे नाव देणेसुद्धा कठोर! तुरुंग शब्दाला आहे, हाताला मोकळीक आहे.

आपले राज्य सरकारही शिक्षा वाढवण्यात मागे राहिले नाही. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने शक्ती विधेयक मंजूर केले, त्यात फाशीपर्यंत मजल गेली होती. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा होऊ शकले नाही. या शिक्षांचे एक बरे असते. कागदावर फाशी लिहायला खर्च येत नाही. तालुक्याला एक अधिकारी नेमायला मात्र येतो.

ऑगस्ट महिन्याचे तर काय सांगावे! २०२१ साली १ ऑगस्टला केंद्राने मुस्लिम महिला हक्क दिवस साजरा केला. पुढच्या वर्षी, १५ ऑगस्ट २०२२ रोजी, पंतप्रधान लाल किल्ल्यावरून स्त्रीचा अपमान करण्याची वृत्ती सोडा असे सांगत होते आणि त्याच दिवशी गोध्र्याच्या तुरुंगातून बिल्किस बानोचे अकरा गुन्हेगार सुटून बाहेर आले. त्यांना हार घातले गेले. त्यांना जन्मठेप दिली होती ती आपल्या मुंबईतल्या न्यायालयाने, २००८ साली. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली म्हणून ते पुन्हा आत गेले. बिल्किसला नवऱ्याने तलाक दिला नव्हता, तो सारी वर्षे तिच्या बाजूला उभा होता. बहुधा म्हणूनच ती मुस्लिम महिलांच्या हक्कांच्या हिशेबात बसली नसावी.

पण खरे दुःख पुढे आहे. मारहाणीवरचे औषध सरकारी कपाटात जवळजवळ वीस वर्षे पडून आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा अधिनियम २००५ साली संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असा भेद नाही. १९८६ साली शाहबानोच्या निकालानंतर आपल्यासाठी जसे वेगळे ताट मांडले गेले, तसे इथे मांडलेले नाही. मारणे तर यात आलेच, पण शिवीगाळ, उपाशी ठेवणे, कमाई काढून घेणे, शारीरिक बळजबरी हेही आले. जिथे बाई नवऱ्याबरोबर राहते त्या घरावर तिचे नाव असो वा नसो, तिथे राहण्याचा तिचा हक्क सतरावे कलम मानते. मॅजिस्ट्रेट मारहाण थांबवण्याचा आदेश देऊ शकतो, घरात राहण्याचा देऊ शकतो, खर्चाचा, मुलांच्या ताब्याचा, भरपाईचा देऊ शकतो. आदेश मोडला तर मग एक वर्षापर्यंत कैद. इथे छप्पर आधी येते आणि तुरुंग शेवटी. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक बायकांना नवरा तुरुंगात नको असतो, त्यांना मार थांबायला हवा असतो. त्यांच्यासाठी यापेक्षा शहाणा कायदा या देशात झालेला नाही, असे मी उर्दू शाळेची एक साधी शिक्षिका म्हणून बेलाशक म्हणते. शिवाय छत्तिसावे कलम सांगते की हा कायदा इतर कायद्यांना पूरक आहे, त्यांना बाजूला सारणारा नाही. तेव्हा शरीयतीत दखल दिल्याचा बाऊ करायलाही जागा नाही.

या कायद्याचा कणा म्हणजे संरक्षण अधिकारी. बाईची हकीकत तो विहित नमुन्यात लिहून घेतो, तो तिचा अर्ज करून देतो, दवाखाना आणि निवारा दाखवतो. पोलीस चौकीची पायरी न चढताही कायद्याच्या आत येण्याचा हा दरवाजा आहे. तो दरवाजा शोधायला मला सव्वा महिना लागला. एका कचेरीत सांगितले, हा विषय आमच्याकडे नाही. दुसऱ्या कचेरीत सांगितले, आहे, पण साहेबांकडे आणखी दोन कामांचा कार्यभार आहे, मंगळवारी या. मंगळवारी साहेब बैठकीला. पुढच्या मंगळवारी नमुन्याचे छापील कागद संपलेले. माझ्या त्या वर्षाच्या किरकोळ रजा त्या जिन्यावर संपल्या.

यात एक गंमत आहे, गंमतच म्हणायची. मतदार याद्यांसाठी याच सरकारने मला मतदान केंद्रस्तरीय अधिकारी नेमलेले आहे. कोणत्या घरात कोण वारले, कोण लग्न होऊन आली, कोणाला अठरावे लागले, हे मी दारोदार फिरून सरकारला कळवते. कडी वाजवायची, चपला बाहेर काढायच्या, आधार कार्ड मागायचे. म्हणजे दारापर्यंत पोचणारी माणसे सरकारकडे नाहीत असे नाही. बाई मतदार म्हणून सरकारला सापडते, मार खाणारी म्हणून सापडत नाही.

हे माझ्या एकट्या तालुक्याचे रडगाणे आहे असे कोणी समजू नये. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले की या कायद्याखालची चार लाखांहून अधिक प्रकरणे देशभर तुंबलेली आहेत आणि बहुतेक राज्यांनी संरक्षण अधिकाऱ्याचे काम दुसऱ्याच अधिकाऱ्यांवर जादा ओझे म्हणून टाकले आहे. मे २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना हुकूम द्यावा लागला की जिल्ह्याला आणि तालुक्याला असे अधिकारी सहा आठवड्यांत निश्चित करा. कायदा लागू होऊन तेव्हा एकोणिसावे वर्ष चालू होते. एकोणीस वर्षांत मूल बारावी होऊन कॉलेजात जाते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याची हिंसा कधी ना कधी सोसल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण चारांत एक आहे. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली ती फक्त १४ टक्के स्त्रियांनी आणि ७७ टक्के कधी कोणाजवळ बोलल्याच नाहीत. या ७७ टक्क्यांसाठी सरकारने काय केले? २०१५ पासून निर्भया निधीतून सखी केंद्रे उघडली, साधारणपणे जिल्ह्याला एक. आमच्या गावाहून जिल्ह्याचे ठिकाण एस.टी.ने अडीच तासांवर आहे. रात्री अकरा वाजता मार खाल्लेल्या बाईने दोन लेकरे घेऊन कोणती एस.टी. पकडावी? १८१ हा फोन आहे म्हणतात. फोन नवऱ्याच्या खिशात असतो.

रस्ता ठाऊक नाही असेही नाही. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ सालीच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसते आणि बाईचे म्हणणे आधी ऐकून घेते. ही महाराष्ट्राने देशाला दिलेली गोष्ट आहे. आमच्या चौकीत पेन खाली ठेवणाऱ्याच्या शेजारी अशी एक बाई बसलेली असती तर पुढचे बरेच टळले असते.

आणि भाषा? या कायद्याचे अकरावे कलम सरकारवर बंधन घालते की कायद्याला दूरचित्रवाणी, रेडिओ, वृत्तपत्रे यांतून वेळोवेळी भरपूर प्रसिद्धी द्यावी. सरकारला प्रसिद्धी करता येत नाही असे कोण म्हणेल? बेटी बचाओ, बेटी पढाओ योजनेचे २०१६ ते २०१९ या काळात ४४६.७२ कोटी रुपये दिले गेले, त्यातले ७८.९१ टक्के निव्वळ जाहिरातीवर गेले, असे संसदेच्याच समितीने २०२१ साली दाखवून दिले. २०१९ च्या तलाक कायद्याची बातमी आमच्या गल्लीतल्या अंगठेबहाद्दर आजीपर्यंत आठ दिवसांत पोचली. २००५ च्या कायद्याची बातमी अजून वाटेत आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ७५ लाख लोकांनी उर्दू ही मातृभाषा नोंदवली. ज्या बाईबद्दल मी लिहिते आहे ती उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली आहे, ती अडाणी नाही. कचेरीच्या जिन्यात लावलेला मराठी फलक तिला वाचता आला नाही इतकेच. संरक्षण अधिकारी या दोन शब्दांचे उर्दू भाषांतर करून छापायला सरकारला किती कोटी लागले असते?

इथवर वाचून काही वाचक खूश झाले असतील. सरकारला चार शब्द सुनावले की आपल्या जलशांत टाळ्या पडतात. मला त्या टाळ्या नकोत. उरलेले गाऱ्हाणे आपल्यावरच आहे.

मार्च २०१८ च्या अखेरीस मुंबईच्या आझाद मैदानावर तलाक विधेयकाविरुद्ध मुस्लिम स्त्रियांची विराट सभा झाली. त्या वर्षी राज्यात गावोगाव असे मोर्चे निघाले, आमच्याही गावात निघाला आणि मी त्यात होते. मी नोकरीत नवीन होते, पण केवळ भीतीने गेले असे म्हणणार नाही, ते विधेयक मला खरोखरच कावेबाज वाटत होते. आजही वाटते, कारणे वर दिली आहेत. काय तो बंदोबस्त! मोहल्ल्यामोहल्ल्यांतून रिक्षा लागल्या, पाण्याची सोय झाली, घोषणा द्यायच्या नाहीत, फलक असा धरायचा, रांग अशी चालवायची, सगळे ठरलेले. ज्या बायकांना एरवी बहिणीकडे जायचे तरी विचारावे लागते, त्यांना घरच्या पुरुषांनीच चौकापर्यंत आणून सोडले. परत घरी नेऊन सोडले. त्या दिवसापासून आजपर्यंत त्याच पुरुषांनी संरक्षण अधिकारी नेमा म्हणून पन्नास बायका तहसील कचेरीवर नेल्याचे मी पाहिलेले नाही. रिक्षा त्याच आहेत, चौकही तोच आहे.

पर्सनल लॉ बोर्डाने २०१६ साली सर्वोच्च न्यायालयात जे म्हणणे दिले त्यात असा एक युक्तिवाद होता की तलाक अवघड करून ठेवला तर बायको नकोशी झालेला नवरा तिचा खूनही करील, तिला जाळूनही टाकील. हे वाचले तेव्हा मला आमच्या चार बुजुर्गांची बैठक आठवली. बाईपुढे पर्याय दोन, तलाक किंवा मरण. पुरुषाने हात आवरावा हा तिसरा पर्याय इतक्या विद्वानांत एकालाही सुचू नये?

मारहाणीचा विषय निघाला की कोणीतरी सूरह निसाच्या चौतिसाव्या आयतीचा हवाला देतोच. त्या आयतीतल्या एका शब्दावर मुफस्सिरांनी शतकानुशतके खल केला आहे. जुन्यांनीसुद्धा त्याला अशा अटी घातल्या की मिस्वाकच्या काडीपलीकडे मजल जाऊ नये. आमच्या गावात त्या मिस्वाकचा यंत्रमागाचा धोटा झाला आहे. पैगंबरांनी कधी कोणा बायकोवर हात उचलला नाही, अशी हजरत आयेशांची रिवायत आहे. ती जुम्म्याच्या खुतब्यात मी एकदाही ऐकलेली नाही. अर्थात मी खुतबा ऐकते तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून, लाऊडस्पीकरवर. कुकरच्या शिट्टीत राहून गेली असल्यास कळवावे, मी जाहीर माफी मागेन.

मला सांगितले जाते, बेटी, ही वेळ नाही. आज आपल्या घरांवर, मशिदींवर, दुकानांवर नजर आहे, अशा दिवसांत घरची उणीदुणी चारचौघांत काढायची नसतात. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. त्या बाईचीही खरी भीती तीच होती. “पुलिस ले गई तो उनकु मुसलमान समझ के मारेंगे आपा,” असे ती म्हणाली होती. स्वतःचा हात गळ्यात बांधलेला आणि काळजी त्याच्या पाठीची! मुसलमान बाई अशी दोन हातांच्या मध्ये उभी आहे. पण म्हणूनच तर आपण २००५ च्या कायद्याचा हट्ट धरायला हवा होता, कारण त्याचा पहिला दरवाजा पोलिसांचा नाही. ज्या समाजाला पोलिसांचे भय सर्वांत जास्त, त्यानेच बिनपोलिसांच्या या दरवाजासाठी सर्वांत आधी भांडायला हवे होते. आपण काय केले? तलाक कायदा आला तेव्हा ओरडलो, या कायद्याबद्दल गप्प राहिलो. एकाने बाईला शस्त्र म्हणून वापरले आणि दुसऱ्याने ढाल म्हणून.

शिवाय ती वेळ येणार कधी? १९६६ साली त्या सात जणींना वेळ नाही म्हणून सांगितले. १९८५ साली शाहबानोला तेच सांगितले. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीलाही सर्वांसारखी पोटगी मागता येते असे पुन्हा एकदा सांगितले, तेव्हाही आमच्या गल्लीत कुजबूज झाली, याच वेळी का? आमच्याकडे वेळ दर गुरुवारी रात्री येते.

मला जमले ते मी केले, ते फार नाही. एका पालकसभेत हजेरी, पोषण आहार, शिष्यवृत्तीचे अर्ज हे विषय संपल्यावर मी फळ्यावर उर्दूत त्या कायद्याच्या पाच ओळी लिहिल्या. संरक्षण अधिकाऱ्यासाठी ‘तहफ्फुज अफसर’, सामायिक घरासाठी ‘मुश्तरका घर’. खाली आमच्या तालुक्याच्या कचेरीचा पत्ता आणि वार, मंगळवार. चाळीसेक आया होत्या. थोडा वेळ कोणी हलले नाही. मग एकीने विचारले, “ये कानून हमारे वास्ते भी है?” मी हो म्हटल्यावर तिने मुलाच्या दप्तरातून वही काढली. तिच्यामागोमाग आणखी सहा जणींनी. बाकीच्या खिडकीबाहेर पाहत बसल्या, पण मला वाटते वाचत होत्या.

दोन दिवसांत मला बोलावणे आले. शाळेत घरे फोडण्याचे धडे कशाला, असे विचारण्यात आले. ज्यांनी विचारले ते सज्जन आहेत, गरीब मुलांची फी स्वतःच्या खिशातून भरतात. फळ्यावर अभ्यासक्रमाबाहेरचे लिहू नये, अशी मला तोंडी ताकीद मिळाली. लेखी द्या म्हटले तर दिली नाही. आमच्या शाळेच्या भिंतीवर बालकांसाठीचा १०९८ हा क्रमांक तैलरंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे, त्याला कोणाची हरकत नाही. मूल मार खात असेल तर फोन करावा. त्याच घरात त्याची आई मार खात असेल तर ते अभ्यासक्रमाबाहेरचे.

ती मुलगी आता आठवीत आहे. तिच्या आईचा अर्ज दाखल झाला. कायदा साठ दिवसांची आशा दाखवतो, तिला अंतरिम आदेश मिळाला सातव्या महिन्यात. खोली तिच्याकडे आहे. नवरा भावाकडे झोपतो, गुरुवारी दाराशी येऊन पैसे देऊन जातो, कधी देत नाही. दोनदा आरडाओरडा केला, हात उचललेला नाही. आदेशाचा कागद मराठीत होता. तिने तो माझ्याकडून उर्दूत उतरवून घेतला आणि दोन्ही कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिठाच्या डब्याखाली ठेवले. मुख्य अर्ज अजून चालू आहे, पुढची तारीख या महिन्याच्या एकवीसला आहे आणि तिला मी बरोबर हवी आहे. किरकोळ रजेचा अर्ज कालच लिहिला. कारणाच्या जागी सवयीने ‘घरगुती काम’ असे लिहिले होते. ते खोडून ‘कोर्टाची तारीख’ असे लिहिले आणि कार्यालयात देऊन आले.